कसरीची वाट

व्हर्जिनिया कायामाच्या एका बेकरीत होती, पावांच्या शेल्फच्या वर, पिठाची धूळ खात.

भाईंदर आणि नायगावच्या मध्ये खाडी आहे.

एक आळी पुठ्ठ्यातून पुस्तकात शिरते आणि सरळ चालत राहते. तिला नकाशे वाचता येत नाहीत. समुद्र आणि जमीन तिला सारखीच लागतात, खळीच्या चवीची.

दर शनिवारी एक बाई व्हिनेगर आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन एक काच पुसते. काचेमागे बेट आहे.

कसर, स्त्रीलिंगी नाम. एक: पुस्तकं, कपडे खाणारी बारीक कीड. दोन: उणीव, थोडक्यासाठी राहिलेलं काहीतरी.

"श्रीनिवास, अमेरिका उचल टेबलावरून. मला पोळ्या लाटायच्यात."

समास

हे वाक्य त्या घरात इतकं जुनं होतं की त्याच्यावर हसायचंही राहून गेलं होतं. श्रीनिवास मुकाट्याने आधी फ्लोरिडा उचलायचा, मग क्यूबा, मग न्यू स्पेन, आणि सगळी पानं सपाट खणांच्या कपाटात नेऊन ठेवायचा. मग टेबलावर पीठ पडायचं. ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या फिगट्री भागातलं घर, वर माउंट कीराचा कडा, आणि वारा फिरला की पोर्ट केम्ब्लाच्या भट्ट्यांचा वास. साल सत्त्याण्णव. शैला हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आणि श्रीनिवास पोलाद कारखान्यात मेटलर्जिस्ट. तिच्या मायक्रोस्कोपखाली माणसं, त्याच्या मायक्रोस्कोपखाली लोखंड. तडा शोधायचा आणि तो कुठून सुरू झाला ते सांगायचं, हे त्याचं काम. घरी येऊन मात्र तो एक फुटलेलं पुस्तक जोडत होता.

पुस्तक म्हणजे एक छोटा ॲटलास. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमला छापलेला. त्यात फक्त अमेरिका: तेव्हा जेवढी माहीत होती तेवढी, आणि माहीत नव्हती तिथे हरणं, देवमासे, गाल फुगवून फुंकणारे वारे. तो ऑस्ट्रेलियात कुणाच्या पेटीतून आला ते ठाऊक नाही. सत्तरच्या आसपास सिडनीतल्या कुणा व्यापाऱ्याने त्याची शिवण उसवली आणि पान न् पान सुटं केलं. या धंद्यात त्याला ब्रेकिंग म्हणतात. पुस्तक भिंतीवर लावता येत नाही, पान लावता येतं.

अशी अमेरिका ऑस्ट्रेलियाभर पांगली. फ्लोरिडा न्यूकॅसलला एका डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये. कॅनडा डबोच्या मोटेलात, पलंगाच्या वर. त्याच्याखाली शेकडो माणसं झोपून गेली असतील आणि एकालाही थंडी वाजली नसेल. न्यू नेदरलँड गोलबर्नच्या पबमध्ये, डार्टबोर्डाच्या अगदी शेजारी.

श्रीनिवासला पहिली सापडली ती व्हर्जिनिया. तो लॅमिंग्टन केक घ्यायला बेकरीत शिरला होता. पानावर एक भोक होतं, मोहरीएवढं, एका हरणाच्या पोटात. पुढे न्यूकॅसलला दाढ काढून घ्यायला बसला असताना समोरच्या फ्लोरिडात, भर समुद्रात, त्याच उंचीवर तेवढंच भोक. त्याचा जबडा बधिर होता, त्यामुळे ओरडता आलं नाही.

कसर लागलेल्या पुस्तकात आळी एका पानाशी थांबत नाही. पानं पुन्हा एकावर एक ठेवली की भोकाला भोक मिळतं. त्याने घरी दोन्ही पानं जुळवून खिडकीसमोर धरली. दोन्हींतून मिळून एक किरण आत आला आणि शैलाच्या दंडावर बसला.

"हे काय?"

"एकाच पुस्तकातली आहेत."

"आणि पुस्तक कुठाय?"

"सगळीकडे."

त्याला वर्षं लागली. बेकरीवालीने बदल्यात कूकाबुऱ्या पक्ष्याचं चित्र मागितलं. डेंटिस्टने उरलेल्या सगळ्या दाढा आपल्याकडेच दाखवायची हमी घेतली. गोलबर्नच्या पबवाल्याने अट घातली की डार्टमध्ये मला हरवून दाखव. श्रीनिवास हरला, तरी पबवाल्याने पान दिलं. "मेट, इतकं वाईट खेळताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. घेऊन जा."

दुपारी शिफ्ट नसली की कधीकधी तो पानांशेजारी डोकं ठेवून झोपी जायचा. स्वप्नात तो आळीएवढा असायचा. मऊ, पांढरा, घाई नसलेला. हरणाच्या पोटातून निघून समुद्रात, समुद्रातून एका खेड्याच्या चौकात, तिथून बर्फात. प्रत्येक देशाची जाडी एका कागदाएवढी. पण एका ठिकाणी पुढचा कागदच नसायचा. तिथे तो डोकं बाहेर काढून बसायचा आणि समोर नुसता उजेड असायचा.

कारण एक पान राहिलं होतं. अनुक्रमणिकेत त्याचं नाव होतं: उत्तर अमेरिका. त्या काळच्या इतर नकाशांवरून त्याला ठाऊक होतं की त्यावर काय असणार. पश्चिम किनाऱ्यापासून सुटून समुद्रात पडलेला, गाजरासारखा लांबट कॅलिफोर्निया. बेट. कुणीतरी एकदा चूक केली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं बाकीचे ती चूक सुंदर अक्षरात उतरवत राहिले. त्या एका पानापायी पुस्तक पुस्तक होत नव्हतं.

"एवढीच कसर राहिलीय," तो म्हणायचा.

"कसर राहिली नाहीये," शैला म्हणायची. "कसर तुला लागलीय."

दुमड

मिल्ड्रेड आंटीचं घर वॉरावाँगला होतं, कारखान्याच्या चिमण्या दिसतील इतक्या जवळ. तिचा नवरा हेन्री कारखान्यात क्रेनवर होता. श्रीनिवासची त्याच्याशी ओळख झाली ती कँटीनमध्ये, दोघांच्या डब्यात एकाच दिवशी भेंडी निघाली म्हणून. हेन्री आणि आंटी दोघंही वसईची, त्र्याहत्तर साली आलेली. नाताळात आंटीकडून इकडे केक यायचा, दिवाळीत इकडून चकल्या जायच्या. मागच्या हिवाळ्यात हेन्री गेला. आता आंटी मुलीकडे, सेरेनाकडे, सिडनीला गिरावीनमध्ये राहायला निघाली होती.

त्या रविवारी शैला आणि श्रीनिवास सामान बांधायला गेले. शैला स्वयंपाकघरात कपबशा गुंडाळत होती. श्रीनिवासच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊन आंटी म्हणाली, "पॅसेजमधल्या तसबिरी तेवढ्या उतरव, बाळा. माझा हात पोचत नाही आणि सेरेनाला नीट जमत नाही."

"आय हर्ड दॅट, मम्," आतल्या खोलीतून सेरेना.

पॅसेज अंधारा होता. पहिली तसबीर येशूच्या पवित्र हृदयाची. दुसरी सेरेनाची, पदवीच्या काळ्या टोपीतली. तिसरीच्या काचेला व्हिनेगरचा मंद वास होता. श्रीनिवासने ती उतरवून दाराकडे, उजेडात आणली.

समुद्र. समुद्रात गाजरासारखं लांबट बेट. बेटाच्या उजवीकडे चिंचोळं पाणी आणि त्यापलीकडे अर्धवट माहीत असलेला खंड.

आणि बेटावर, त्याच उंचीवर, मोहरीएवढं भोक.

तो तिथेच खाली बसला. आंटी भिंतीला धरत धरत आली.

"सापडली ना? जरा जपून. ती आमची वसई."

"काय?"

"वसई रे. जुनी, पोर्तुगीजांच्या वेळची." ती त्याच्या शेजारच्या खोक्यावर टेकली आणि काचेवर बोट ठेवत गेली. "डावीकडे समुद्र. उजवीकडे खाडी. हे खालचं टोक म्हणजे किल्ला. आणि नावं बघ, सगळी संतांची. हा सान मिगेल, म्हणजे माणिकपूरचं चर्च. ही सांता क्लारा. बाकीची चर्चं पडली असतील नंतर."

श्रीनिवास तिच्या बोटामागून नावं वाचत गेला.

"हेन्रीने आणली. इथे आलो त्या वर्षी. मी उठायचीच नाही पलंगावरून. नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. ना शेजारी बोलायला कुणी, ना कुणाची वाडी, ना बावखल. तळं रे, आमच्याकडे बावखल म्हणतात. तर एक दिवस थिरूलला कुणाच्या तरी गराज सेलमधून ही घेऊन आला आणि म्हणाला, मिली, ऊठ, वसई सापडली." ती हसली. "उठले."

सेरेना टेपचं रीळ घेऊन दारात उभी होती. "मी शाळेत नेली होती ती, शो अँड टेलला. व्हेअर माय फॅमिली कम्स फ्रॉम. टीचरने ए दिला. मग सोळाव्या वर्षी इंडियाला गेले, तर तिथे डोंगरच नाहीत. इथे बघ ना, केवढी रांग आहे! डॅडला विचारलं. तो म्हणाला, खडीसाठी फोडले."

"फोडलेच आहेत," आंटी म्हणाली.

"येस, मम्." सेरेना गेली. आतून टेप फाडल्याचा आवाज आला.

आंटीने काच पदराने पुसली. तिथे काही नव्हतं, तरी पुसली.

"सेरेनाच्या भाड्याच्या घरात खिळा मारू देत नाहीत. तिथे ही खोक्यातच पडणार. शैला सांगत होती, तुझ्याकडे नकाशांसाठी वेगळं कपाट आहे."

"आहे."

"मग तू ने. तुझ्याकडे नीट राहील."

इतक्या वर्षांत त्याने या पानासाठी लंडनला पत्रं लिहिली होती, सिडनीच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आणि आता एक बाई ते त्याच्या मांडीवर ठेवून चहा टाकायला आत चालली होती. तिला सांगायला हवं होतं. शब्द तीनच होते: हा कॅलिफोर्निया आहे. त्याने ते जुळवले, आणि पुन्हा घडी घालून ठेवून दिले.

खाणाखुणा

घरी आल्यावर त्याने चौकटीमागचे खिळे उपसले, काच बाजूला केली. मग खणातली सगळी पानं काढून अनुक्रमणिकेप्रमाणे लावली आणि हे पान त्याच्या जागी सरकवलं. शैलाने गठ्ठ्याची एक बाजू धरली, त्याने दुसरी. दुपार होती. दोघं गठ्ठा घेऊन खिडकीशी गेली.

उजेड सगळ्या अमेरिकेतून आला. बारीक, सुईसारखा, मध्ये कुठेही न अडखळता. जमिनीवर त्याचा ठिपका पडला. ठिपका थरथरत होता.

"झालं," शैला हळूच म्हणाली. "मिळालं तुझं पुस्तक."

मग त्याने पान टेबलावर ठेवलं आणि भिंग घेतलं. काचेमागे ज्या शाईच्या रेघोट्या वाटल्या होत्या त्या शाईच्या नव्हत्या. बेटभर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. बारीक, गोल, मराठी शाळेतलं अक्षर. रमेदी. बावखल. आयची वाडी. शाळेची वाट. भोकाभोवती एक गोल, आणि त्याला लागून: आमची बाव. बावेच्या उजव्या अंगाला: चिंच. पार वरच्या टोकाला, जिथे छापणाऱ्यांनी काहीच लिहायचं धाडस केलं नव्हतं, तिथे: मावशी.

त्याने आंटीला फोन केला. ती म्हणाली, "हो, ते आम्हीच. पहिल्या वर्षी. रोज जेवण झालं की हेन्री बोट ठेवायचा, मी लिहायची. ते भोक आहे ना, ती आमची विहीर. हेन्री म्हणाला, बघ, बावेची जागासुद्धा सोडलीय. का रे, चुकलंय का काही?"

"नाही. वाचता येतंय. सगळं."

प्रमाण

न्यूटाउनला एक म्हातारा बाइंडर होता. जुन्या पुस्तकांची शिवण त्याच्यासारखी घालणारा सिडनीत दुसरा नाही असं म्हणत. महिनाअखेर दुकान बंद करून तो टास्मानियाला बहिणीकडे जाणार होता, आणि श्रीनिवासचा ॲटलास हे शेवटचं काम म्हणून त्याने धरून ठेवलं होतं. फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पेन्सिल? नो वरीज. आधी खोड, मग आण. एकदा शिवलं की पान सपाट होत नाही, तेव्हा घासलंस तर सुरकुतेल. रबराची पूड पाठवतो. बोटाच्या टोकाने, गोल गोल. तीनशे वर्षांचा कागद आहे, पण तुझ्या-माझ्यापेक्षा दणकट."

पूड डब्यातून आली, पिठीसाखरेसारखी. शनिवारी श्रीनिवासने हात धुतले, टेबल पुसलं, पान पसरलं. शैला समोर कॉफी घेऊन बसली. तिने कॉफी टेबलापासून लांब धरली होती. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढल्यावर तेवढं येत होतं.

"खोडणार?"

"पान साडेतीनशे वर्षांचं आहे, शैला. पेन्सिल पंचवीस वर्षांची."

"मग?"

"मग काय? दोन्हींतलं मूळ कुठलं?"

"मला काय विचारतोस? मी बायोप्सीवाली. माझ्याकडे जे येतं ते मी खोडत नाही, फक्त काय आहे ते लिहिते." तिने घोट घेतला. "आंटीला सांगितलंस?"

"काय?"

"की वसई अमेरिकेत आहे."

खिडकीबाहेर ढग कड्यावरून खाली उतरत होता, डोंगर अर्धा पुसला गेला होता आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नव्हतं. श्रीनिवासने चिमूटभर पूड घेतली. कुठून सुरुवात करावी? कडेचा, सगळ्यात छोटा शब्द बरा. त्याने पूड 'चिंच'वर टाकली आणि बोट फिरवलं, गोल गोल.

अनुस्वार गेला. चिच उरली.

आणि त्या क्षणी त्याला आपण काहीतरी फार मोठं तोडल्यासारखं वाटलं. एवढंसं टिंब. कागदावर त्याची जागाही दिसत नव्हती. काम चोख होत होतं, बाइंडर म्हणाला तसंच. सगळं बेट एका दुपारी स्वच्छ झालं असतं.

फोन वाजला. शैलाने उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर त्याच्याकडे धरला. "गिरावीन."

"श्रीनिवास," आंटीचा आवाज, मागे कुणाच्या तरी लॉनमोवरची घरघर. "जरा बघून सांगतोस का रे? मघापासून आठवतेय. बावेच्या कुठल्या अंगाला होती आमची चिंच? मला डावीकडे दिसते, पण डावीकडे तर गोठा होता. दोन्ही एका जागी कसे असतील?"

त्याने पानाकडे पाहिलं. त्याच्या बोटाला पूड लागलेली होती.

"उजवीकडे, आंटी."

"नक्की?"

"लिहिलंय तसं."

"हां. बरोबर. उजवीकडेच. सावली सकाळी बावेवर पडायची." ती थांबली. "हेन्री होता तोवर त्याला विचारायची. आता तुझ्याकडे आहे ते बरं."

दिशा

त्यानंतर ती विचारत राहिली. बहुतेक दुपारीच फोन यायचा, कधी त्याच्यासाठी, कधी शैलासाठी म्हणून सुरू होऊन शेवटी त्याच्याकडे. रमेदीहून शाळेला जाताना बावखल आधी लागायचं की नंतर? मावशीकडे जायला किती वळणं? श्रीनिवास भिंग घेऊन बसायचा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने, सान मिगेलच्या खालून, तिच्या मावशीकडे जायचा. हळूहळू त्याला ती वाट पाठ झाली. झोपला की आळी आता वाकडी चालू लागली होती: भोकातून सरळ पलीकडे न जाता ती बावेच्या काठावर चढायची, वाडीत शिरायची, केळीच्या पानांवरून चालायची. तिथे ओलं, हिरवं असायचं. तिथल्या बायका विचारायच्या, "कुणाकडचा रे तू?" आणि आळीला उत्तर माहीत असायचं.

महिन्याचा शेवटचा आठवडा आला. एका सकाळी सगळी पानं मोठ्या फोल्डरमध्ये घालून श्रीनिवासने सिडनीची ट्रेन धरली. बेट खोडलेलं नव्हतं. तसंच शिवू दे, असं त्याने ठरवलं होतं, पेन्सिलीसकट. पुस्तक पुरं होईल आणि आंटीचंही राहील. शैला म्हणाली होती, "आणि फोन आला की? कपाटातून पुस्तक काढणार, उघडणार, शिवणीत अर्धी वसई गेलेली असणार, त्यात चिंच शोधणार?"

ट्रेन समुद्राच्या कडेने चालली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये रुळांपुरती जमीन. धुकं होतं. कोलक्लिफच्या बोगद्यात काचेवर त्याला आपला चेहरा आणि मांडीवरचं फोल्डर दिसलं. बोगदा संपला तेव्हा समुद्र नव्हता, नुसता उजेड होता, आणि क्षणभर त्याला वाटलं की आपण तिथेच पोचलो, जिथे पुढचा कागद नसतो. पण या वेळी तो कागद त्याच्याजवळ होता, आणि त्याची वाट बघत कुणीतरी गिरावीनला बसलं होतं.

सेंट्रलला उतरून न्यूटाउनची गाडी धरायची होती. त्याने दुसरी धरली.

पेंडल हिलला उतरून तो चालत गिरावीनला पोचला. सेरेना ड्यूटीवर होती. आंटी शिवणयंत्राशी बसून पडद्यांना कड घालत होती. त्याला बघून ती इतकी गडबडली की तिने पायपट्टीवरचा पाय काढलाच नाही, आणि यंत्र एकटंच थोडं पुढे शिवत गेलं.

"अरे, आधी कळवायचंस! मटण तरी केलं असतं."

"मी पुढे न्यूटाउनला चाललोय, आंटी. हे द्यायला आलो."

त्याने पान तिच्यासमोर ठेवलं. वाटेत स्टेशनजवळच्या दुकानात घेतलेल्या निळ्या पुठ्ठ्यावर बसवलेलं, वर पारदर्शक कागद. खिळा लागणार नव्हता. शिवणयंत्रावर, खिडकीला टेकून उभं राहत होतं. काच नसल्यामुळे बेट जवळ आल्यासारखं दिसत होतं.

"तुझ्याकडे का नको?"

"माझ्याकडे कपाटात राहतं. तुम्हाला रोज लागतं."

मग तो थांबला. एवढं तरी सांगायला हवं होतं. देताना तरी.

"आंटी, एक आहे. हा नकाशा बरोबर नाहीये."

"म्हणजे?"

त्याने बेटावर बोट ठेवलं. नाव जिभेच्या टोकावर होतं. "हे बेट नाही. खरं म्हणजे हे सगळं जमिनीला जोडलेलं आहे. काढणाऱ्यांची चूक झालीय."

मिल्ड्रेडने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग हसायलाच लागली. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अरे वेड्या, ते काय मला माहीत नाही? जोडलेलंच आहे. पूल झाला ना!"

"पूल?"

"भाईंदरचा! इंग्रजांच्या वेळचा, रेल्वेचा. नकाशा त्याच्या आधीचा आहे, बाळा. तेव्हा कुठला पूल?" तिने त्याच्या हातावर चापट मारली. "एवढा शिकलेला तू, आणि काढणाऱ्यांना नावं ठेवतोस."

श्रीनिवासने पुलाकडे पाहिलं, म्हणजे खाडीकडे, म्हणजे त्या चिंचोळ्या पाण्याकडे, जे कधीच नव्हतं. मग तोही हसला.

"पेन्सिल आहे का?" त्याने विचारलं.

तिने शिवणाच्या डब्यातून खडूच्या तुकड्यांमधून एक बारीक पेन्सिल काढून दिली. त्याने पारदर्शक कागद उचलला, वाकला, आणि चिचेवर टिंब दिलं. आंटीने काय केलंस म्हणून विचारलं नाही. ती पुढे सरकून बावेकडे बघत होती.

"चहा पिऊन जा," ती म्हणाली. "मग जा कुठे जायचं ते."

कोरं पान

बाइंडरने पानं मोजली आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"एक कमी आहे."

"हो."

"सापडलं होतं म्हणालास."

"सापडलं. आहे. जिथे आहे तिथे राहणार."

म्हाताऱ्याने खणातून एक जुना, कोरा, त्याच जातीचा कागद काढला. "त्याच्या जागी हे घालतो. हवं तर सुईने भोकही पाडतो, बरोबर त्या उंचीवर. कुणाला कळणार नाही."

"नको," श्रीनिवास म्हणाला. "कोरंच राहू दे."

पुस्तक जुलैत पोस्टाने आलं. तपकिरी चामड्याचं, हातात घेतलं की ब्रेडच्या पाकिटाएवढं वजन. शैलाने त्या दिवशी पोळ्या जरा उशिरा लाटल्या. व्हर्जिनिया, फ्लोरिडा, बर्फातला कॅनडा, सगळे एका शिवणीत आले होते, आणि आळी हरणापासून निघून कोऱ्या पानाशी पोचत होती, मग त्याच्या पलीकडून पुन्हा निघत होती. मध्ये ती कुठे गेली होती ते पुस्तकात नाही. खिडकीशी धरलं तर उजेड आरपार येत नाही. श्रीनिवासने धरून पाहिलं, आणि मिटून ठेवलं. फोन वाजत होता. त्याला वाट तोंडपाठ होती.

पोर्ट केम्ब्लाला क्रेनवर लागण्याआधी हेन्रीने वसईतल्या पापडीच्या एका शाळेत नऊ वर्षं भूगोल शिकवला होता.